दंडातली नळी आणि उरलेल्या चार पुड्या

गडहिंग्लजजवळच्या एका गावाहून आलेलं हे पत्र. थोडं आटोपशीर केलं आहे.

“ताई, माझ्या मिस्टरांचं वय ४८. मोटारसायकलवरून पडून नडगीचं हाड मोडलं, रॉड घातला. महिन्याभरात जखमेतून पू यायला लागला. कल्चरमध्ये, म्हणजे पुवाच्या तपासणीत, स्टॅफ नावाचा जंतू निघाला. परत ऑपरेशन करून साफ केलं, पण हाड जुळेपर्यंत रॉड काढता येणार नाही म्हणाले. चार आठवडे झाले, रोज सेफ्ट्रिॲक्झोनचं एक इंजेक्शन चालू आहे, सिस्टर घरी येऊन देतात. सोबत रिफाम्पिसिनच्या कॅप्सूल. अजून दोन आठवड्यांनी इंजेक्शन बंद होऊन लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या सुरू होतील, त्या आणि रिफाम्पिसिन पुढे तीन महिने. ह्यांना शुगर आहे. इन्फेक्शनमध्ये वाढली म्हणून मेटफॉर्मिनचा डोस दुप्पट केलाय. आता दिवसातून दोनदा पातळ होतं, पोट गुरगुरतं, तोंडाला चव नाही. मेडिकलमधला मुलगा म्हणाला, ‘एवढं अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक नाही?’ त्याने एलबीच्या कॅप्सूल दिल्या. पुण्याच्या पुतण्याने ऑनलाइन एक परदेशी बरणी मागवली, त्यावर ५० बिलियन लिहिलंय. सासूबाई म्हणतात, ताक द्या, बाकी सगळं थोतांड. यातलं काय निवडू?

ता. क. मध्यंतरी सासूबाईंना जुलाब झाले होते, तेव्हाच्या प्रोबायोटिकच्या चार पुड्या उरल्यात. पुतण्या म्हणतो, त्यात यीस्ट आहे, अँटिबायोटिकने मरत नाही. दंडातली नळी अजून काढलेली नाही. बरणी येईपर्यंत त्या पुड्या ह्यांना दिल्या तर चालेल का?”

ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ता. क.मध्ये लिहिलीत, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. त्या पुड्या देऊ नका. मिस्टरांच्या खोलीत ठेवूही नका.

प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी पडावेत म्हणून घ्यायचे जिवंत सूक्ष्म जीव. पुतण्याचं म्हणणं खरं आहे. त्या पुडीत ‘सॅकॅरोमायसिस बोलार्डी’ नावाचं यीस्ट असतं. १९२०च्या दशकात आंरी बुलार नावाचे फ्रेंच संशोधक इंडोचायनात होते. कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात हे पाहून त्यांनी त्या फळांवरून हे यीस्ट वेगळं केलं. यीस्ट म्हणजे बुरशीच्या जातीतलं. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, बुरशीला हात लावत नाही, त्यामुळे इतर वेळी अँटिबायोटिकबरोबर देण्यासाठी मी स्वतः हेच नाव आधी घेते. सासूबाईंना ते दिलं यातही काही चूक नव्हतं.

अडचण आहे ती नळीची. दंडातून घातलेल्या त्या नळीला हॉस्पिटलात पिक लाइन म्हणतात. बाहेर दिसते ती वीतभर, पण तिचं आतलं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. पुडी फाडली की बारीक पावडर उडते, बोटांना लागते. त्याच हातांनी कोणी नळीच्या तोंडाला हात लावला, तर ते यीस्ट रक्तात जायला वाट मिळते. आतड्यात निरुपद्रवी असलेला जीव रक्तात गेला की ताप येतो, बुरशीविरोधी औषधं सुरू करावी लागतात, नळी काढावी लागते. हे वरचेवर घडत नाही, पण जगभरात अशा नोंदी आहेत. २०१७ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने याबाबत नव्याने ताकीद दिली: मोठ्या शिरेत नळी असलेल्यांना, अत्यवस्थ रुग्णांना आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना हे यीस्ट देऊ नये. शिवाय, असा रुग्ण जवळ असेल तर दुसऱ्या कोणासाठी पुडी उघडतानाही काळजी घ्यावी. म्हणजे उद्या सासूबाईंना परत जुलाब झाले, तर त्यांची पुडीसुद्धा स्वयंपाकघरात उघडायची आणि साबणाने हात धुतल्याशिवाय मिस्टरांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट म्हणून काम करायचे तेव्हाचं एक दृश्य डोळ्यासमोरून हलत नाही. राउंडच्या वेळी एका पेशंटचा मुलगा कॉटवर बसून अगदी प्रेमाने वडिलांसाठी पुडी फाडत होता. ती एकदम फाटली आणि निम्मी पावडर चादरीवर, उरलेली मानेतल्या नळीच्या पट्टीवर. त्याने फुंकर मारून झटकली. पट्टी बदलली, पुढे काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर यीस्टचं नाव दिसलं की आधी विचारते, “लाइन आहे का?”

तुमच्या घरात अजून एक गोष्ट बघून घ्या. बाजारात ‘बॅसिलस क्लॉसी’ नावाच्या जिवाणूची छोटी प्लॅस्टिकची कुपी मिळते, ५ मिलीची, मान मोडून प्यायची. ती कोणी आणून दिली असेल किंवा पुढे देईल, तर ती सिस्टरच्या ट्रेपासून लांब ठेवा. लाइन फ्लश करायची सलाइनची प्लॅस्टिक कुपी आणि ही कुपी संध्याकाळच्या उजेडात जवळजवळ सारख्या दिसतात. पिण्याची कुपी नळीतून जाणं म्हणजे अब्जावधी जिवाणू थेट रक्तात. इंजेक्शनचं सामान एका डब्यात आणि तोंडावाटे घ्यायचं सगळं दुसऱ्या खोलीत, इतकं केलंत तरी पुष्कळ.

आता मेडिकलवाल्या मुलाच्या कॅप्सूल. एलबी म्हणजे लॅक्टिक ॲसिड बॅसिलस. आपल्याकडे अँटिबायोटिकच्या कित्येक गोळ्यांमध्ये ते मिसळूनच येतं, म्हणून ‘एलबीवाली द्या’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसलाय. लेबलवर कधी ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीन्स’ असंही लिहितात. ते जुनं आणि चुकीचं नाव. प्रत्यक्षात हा ‘बॅसिलस कोॲग्युलन्स’ नावाचा जिवाणू. तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजासारखा पडून राहतो, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यातही दुकानाच्या फळीवर टिकतो. ही त्याची जमेची बाजू. पण पोटात बीज उगवून आलं की तो साधा जिवाणूच, आणि रिफाम्पिसिनचं काम अशांना मारणं. शिवाय लेबलवरचा आकडा वाचा. पुष्कळ एलबी गोळ्यांत ६० मिलियन म्हणजे ६ कोटी बीजं असतात. अन्नपदार्थ म्हणून प्रोबायोटिक विकायचं तर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांत दिवसाला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. त्या मुलाने वाईट हेतूने दिलं नाही. त्याला तसंच शिकवलेलं असतं, अँटिबायोटिक दिलं की हात आपोआप एलबीच्या खणाकडे जातो.

पुतण्याची बरणी दुसऱ्या टोकाची. ५० बिलियन म्हणजे ५० अब्ज, ऐकायला भारी वाटतं. बरणी आली की मागची बारीक अक्षरं वाचा आणि तीन गोष्टी शोधा. पहिली, तो आकडा कधीचा आहे? ‘तयार करतेवेळी’ असं लिहिलं असेल तर तुमच्या हातात पडेपर्यंत किती जिवंत आहेत, देव जाणे. ‘मुदत संपेपर्यंत’ असं असेल तर बरं. त्यातून फ्रिजमध्ये ठेवायची सूचना असलेली बरणी कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापली असेल, तर तो आकडा नावापुरताच.

दुसरी गोष्ट जिवाणूच्या नावाची. नावाला आडनावापुढचं नाव हवं. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ एवढंच लिहिणं म्हणजे ‘पाटील’ एवढाच पत्ता लिहिण्यासारखं. तुमच्या तालुक्यात त्या नावाने किती पत्रं परत जातील? ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ लिहिलं की माणूस कळला. जीजी म्हणजे तो वाण शोधणाऱ्या गोरबाख आणि गोल्डिन या दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं. चाचण्या झाल्यात त्या अशा एकेका वाणावर, सगळ्या पाटलांवर नाही. (२०२० साली शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलसच्या कुळाची वाटणी करून निम्म्याअधिकांची नावं बदलली, त्यामुळे नव्या बरणीवर ‘लॅक्टिकेसिबॅसिलस’ दिसलं तर दचकू नका.) सोळा जातींची खिचडी आणि एकाचंही पूर्ण नाव नाही, अशी बरणी मी कोणालाच सुचवणार नाही.

तिसरी गोष्ट, बरोबर काय घातलंय? ‘प्री-प्रोबायोटिक’ म्हणून इन्युलिन किंवा तसले तंतू घालतात. ज्याचं पोट आधीच गुरगुरतंय त्याला त्याने आणखी वायू होतो. काहींत झिंक असतं. तुमच्या बाबतीत ते दोन आठवड्यांनी फार महत्त्वाचं ठरणार आहे, त्याकडे येतेच.

आधी मुळात गरज आहे का ते बघू. तुम्ही लिहिलंय, दिवसातून दोनदा पातळ. वैद्यकीय भाषेत २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं झालं तर जुलाब. दोनदा सैलसर होणं त्रासदायक आहे, पण घाबरण्यासारखं नाही. आणि मला खरा संशय वेगळाच येतोय. मेटफॉर्मिन दुप्पट केलं म्हणालात ना? पोट सैल होणं, गुरगुरणं, तोंडाला धातूसारखी चव येणं हा मेटफॉर्मिनचा नेहमीचा त्रास, विशेषतः डोस एकदम वाढवल्यावर. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं होऊ नये. पोट कधी बिघडलं आणि मेटफॉर्मिन कधी वाढवलं, दोन्ही तारखा कॅलेंडरवर शेजारी मांडा. जुळल्या तर डॉक्टरांना विचारा, सावकाश विरघळणारी गोळी देता येईल का, जेवणाबरोबर घेतली तर चालेल का. स्वतःहून कमी करू नका, कारण वाढलेली शुगर त्या हाडाच्या जखमेला मुळीच परवडणारी नाही.

प्रोबायोटिकचा पुरावा किती, तेही सांगते, कारण मेडिकलवाला ‘हवंच’ म्हणतो आणि सासूबाई ‘थोतांड’. दोघंही थोडे बरोबर. लहान मुलांमध्ये अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब प्रोबायोटिकने कमी होतात, हे २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) बऱ्यापैकी दिसलं: न घेणाऱ्यांत शंभरातल्या सुमारे १९ मुलांना जुलाब झाले, घेणाऱ्यांत ८ जणांना. मोठ्या माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलात दाखल झालेल्या, पासष्टी ओलांडलेल्या सुमारे २,९०० लोकांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१३ साली आला. प्रोबायोटिक घेणारे आणि खोटी कॅप्सूल घेणारे, दोघांत जवळजवळ सारखेच जुलाब. त्यातून या चाचण्यांमधले अँटिबायोटिकचे कोर्स बहुतेक आठवडा-दोन आठवड्यांचे. साडेचार महिने अँटिबायोटिक घेणाऱ्या तुमच्या मिस्टरांसाठी त्यातून सरळ उत्तर निघत नाही.

आणि ‘फायदा नाही झाला तरी तोटा काय’ या युक्तिवादालाही २०१८ साली धक्का बसला. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेत निरोगी माणसांना आठवडाभर अँटिबायोटिक देऊन पुढे काहींना अकरा जातींचं प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच नाही. काहीच न घेतलेल्यांच्या आतड्यातली मूळ वस्ती लवकर परतली. प्रोबायोटिकवाल्यांमध्ये पाहुणे जागा अडवून बसले आणि घरच्यांना महिनोन्महिने परतता आलं नाही. अभ्यास छोटा होता, मोजून २१ माणसं. तरी मी त्यातून एवढं घेतलं की कोर्स संपल्यावरही महिनोन्महिने कॅप्सूल चालू ठेवायला मी आता सांगत नाही.

म्हणून पुढचे दोन आठवडे, म्हणजे नळी निघेपर्यंत, मी तुमच्या जागी असते तर कॅप्सूल, कुपी, बरणी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिलं नसतं. यीस्ट तर नाहीच. सासूबाईंचं ताक द्या. इंजेक्शन शिरेतून जातं, त्याचा ताकाशी संबंध नाही. रिफाम्पिसिन तेवढं उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. दही घरचं, रोज लावलेलं, झाकून ठेवलेलं. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे कोणी मोजलेलं नसतं, त्यामुळे शास्त्राच्या व्याख्येत ते प्रोबायोटिक ठरत नाही; पण पचायला हलकं, पाणी आणि मीठ पोटात जातं, तोंडाला चव येते. मात्र कढी करून देऊन ‘जिवाणू गेले पोटात’ असं समजू नका. उकळी आली की ते संपले. कढी कढी म्हणून खावी.

नळी निघून लिव्होफ्लॉक्सासिन सुरू झालं की हिशेब बदलतो. ही गोळी कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम यांना चिकटते आणि मग तितकी अंगात शोषलीच जात नाही. जळजळ होते म्हणून घेतलेलं पातळ अँटासिड, अशक्तपणासाठी झिंक घातलेली बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल, जुलाबावरची झिंकवाली पुडी, सगळं या गोळीपासून किमान दोन तास लांब. दूध-दह्याचा परिणाम तिच्या भावंडावर, सिप्रोफ्लॉक्सासिनवर, जास्त होतो, लिव्होवर कमी. तरी मी ताकही दोन तास लांबच ठेवते. गोळी सकाळी आठला असेल तर ताक दुपारच्या जेवणात, इतकं सोपं आहे. हाडात औषध पोचवायला आधीच जीव काढावा लागतो, त्यातलं थोडंही वाटेत ताकाने अडवू नये. आणि ही गोळी शुगर खाली-वर करू शकते, रिफाम्पिसिन काही शुगरच्या गोळ्यांचा परिणाम कमी करतं, तेव्हा पहिले पंधरा दिवस ग्लुकोमीटर जवळ असू द्या.

तोवरही पोट सैल राहिलं, मेटफॉर्मिनचा प्रश्न मिटला आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर तेव्हा यीस्टचा विचार करा. नळी निघून तिची जागा पूर्ण भरल्यावरच. नेहमीचा डोस २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. गार किंवा कोमट पाण्यात, गरम दुधात नाही. मध्येच बुरशीविरोधी औषध सुरू झालं, उदाहरणार्थ तोंडात पांढरं आलं म्हणून फ्लुकोनॅझोल, तर ते यीस्टला मारेल, मग पुड्या घेण्यात अर्थ नाही. जिवाणूंचं प्रोबायोटिक घ्यायचं ठरलं तर अँटिबायोटिकपासून दोन तास सोडून घ्या. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही तर बंद करा. तीन महिने सवयीने गिळत राहू नका, ते पैसे अंड्यांना आणि मासळीला लागू द्या. आणि मेडिकलवाल्याला एक विचारून घ्या, हातात देतोय ते औषध की पूरक अन्न? पाकिटावर चौदा आकडी फूड लायसन्स नंबर आणि ‘औषध म्हणून वापरण्यासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असेल, तर ते पूरक अन्न.

एका बाबतीत मात्र अजिबात वाट बघायची नाही. सेफ्ट्रिॲक्झोन आणि लिव्होफ्लॉक्सासिन ही दोन्ही औषधं ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल’ नावाच्या जिवाणूला मोकळं रान करून देणाऱ्यांपैकी आहेत. तो मोठ्या आतड्यात विष सोडतो. दिवसात तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं झालं, पोटात कळ मारली, ताप आला किंवा रक्त पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि शौचाची तपासणी करा. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी घरच्या घरी देऊ नका, विष आत कोंडतं. हा त्रास कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही उद्भवू शकतो, म्हणून ‘आता औषध बंद झालं, कशामुळे असेल’ असं म्हणत बसू नका. अशा वेळी हात साबण-पाण्यानेच धुवायचे. सॅनिटायझरने त्याची बीजं मरत नाहीत. आणि काहीही झालं तरी पोट बिघडलं म्हणून अँटिबायोटिकचे डोस स्वतः चुकवायचे नाहीत. नुसतं रिफाम्पिसिन चालू ठेवून दुसरं बंद करणं तर फारच वाईट, जंतू त्याला लवकर सरावतात. लघवी केशरी दिसते ती त्याचीच, त्याने घाबरू नका.

पुढच्या तपासणीला जाताना बरणीचा आणि एलबीच्या पाकिटाचा मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, सोबत मेटफॉर्मिन वाढवल्याची तारीख. पुतण्याला कळवा, बरणीचं सील तोडू नकोस, परत घेत असतील तर बघ. आणि त्या चार पुड्या आज संध्याकाळीच न फाडता दुसऱ्या पिशवीत बांधून टाकून द्या. टाकल्यावर हात धुवा.